लॅव्हेंडर माना टाकतंय, माती मात्र ओलीच: नागपुरातला माझा अनुभव

पावसाळ्यात शेंडे लोंबतात, खालची पानं करडी, बुंधा काळा. बुरशीनाशक, शेणखत, जागाबदल, सगळं करून वैतागलो. मुळं कुजत होती. आपली काळी माती पाणी सोडतच नाही.

आधी रोप उपसून मऊ, तपकिरी मुळं कापली. मग मातीच्या कुंडीत दोन भाग कन्हान नदीची जाड रेती, एक भाग विटांचा चुरा, एक भाग माती, चिमूटभर चुना. खत अजिबात नाही. बुंधा किंचित उंच ठेवला. कुंडीखालची ताटली काढली, हे विसरू नका! आठवडाभर सावली, नंतर सकाळचं ऊन. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. पावसात पत्र्याखाली, मेच्या 45 अंशांत दुपारी हिरव्या जाळीआड.

आता कळ्या उमलायच्या आत कापतो, जुडी उलटी टांगून वाळवतो. पुरचुंडी साड्यांच्या कपाटात.