शेल्याच्या काठावरची वेल

मी रंगवत असलेल्या ७५ मिलिमीटर उंचीच्या मावळ्याच्या छोट्या मूर्तीवर शेल्याचा काठ जेमतेम ३ मिलिमीटर रुंद होता आणि त्यावर वेल काढताना रेघ दर वेळी मध्येच तुटत होती. ब्रश जाड आहे असे समजून मी अगदी बारीक, ५/० क्रमांकाचा घेतला, तर दुखणे वाढलेच, कारण त्या मोजक्या केसांत रंग मावत नव्हता आणि ॲक्रिलिक रंग टोकावरच वाळत होता. अखेर सेबलचा (मऊ नैसर्गिक केसांचा) टोकदार १ क्रमांकाचा ब्रश घेतला, रंग वाळू नये म्हणून डबीत ओला स्पंज व त्यावर बटर पेपर ठेवून रंग दुधाइतका पातळ केला आणि प्रत्येक रेघेआधी टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिले. आधी समान अंतरावर ठिपके दिले, मग नागमोडी रेघेने ते जोडले, पाने शेवटी काढली. जाड झालेल्या कडा मूळ जांभळ्या रंगाने छाटल्या; वेलीला खरा डौल या छाटणीनेच आला.