वर्गातील प्रत्येक मुलाचा आत्मसन्मान कसा जपावा

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा धुळे-जळगावकडच्या खेड्यांतील अनेक मुले घरून अहिराणी किंवा लेवा बोली घेऊन येतात, अक्कलकुवा-धडगावकडची मुले पावरी किंवा भिलोरी घेऊन येतात, आणि पुस्तकातील मराठीशी त्यांच्यापैकी कित्येकांची पहिली गाठ वर्गातच पडते. ‘मना बाप वावरमा गया’ असे एखादा मुलगा म्हणाला आणि शिक्षकाने लगेच वाक्य सुधारले, तर वर्ग हसतो आणि आपल्या घरचे बोलणेच चुकीचे आहे एवढेच त्या मुलाच्या ध्यानात राहते. त्याऐवजी आधी त्याने सांगितलेली गोष्ट ऐकावी आणि ‘अच्छा, तुझे वडील शेतात गेले, आज शेतात काय काम निघाले आहे?’ असे विचारावे. प्रमाण वाक्य मुलाच्या कानावर पडते, त्याची बोली खाली पडत नाही आणि संभाषण पुढे सरकते. शिक्षक बाहेरगावचा असेल तर त्याने ‘तुनं नाव काय शे?’ एवढे तरी मुलांकडून शिकून घ्यावे. त्याचे उच्चार चुकले आणि मुलांनी ते सुधारले, तर फारच उत्तम. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनी आपल्या ओव्या इथल्याच बोलीत रचल्या आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, हे मुलांना जरूर सांगावे.

कौतुकाच्या बाबतीत आपण शिक्षक फार सढळ आणि फार ढोबळ असतो. ‘शाब्बास, हुशार आहेस’ हे ऐकायला गोड वाटते, पण त्यातून आपण नेमके काय चांगले केले हे मुलाला कळत नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की बुद्धीची स्तुती झालेली मुले पुढे अपयश आल्यावर लवकर हात टेकतात आणि प्रयत्नांची दखल घेतलेली मुले अधिक चिकाटी दाखवतात. म्हणून जे पाहिले तेच बोलावे: ‘हातच्याच्या वजाबाकीत तू तीनदा खोडलेस, आणि मग मण्यांच्या माळेवर मोजून उत्तर पडताळलेस.’ अशा वाक्याला वेळ लागतो, कारण त्यासाठी मुलाकडे खरोखर पाहावे लागते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदीही अशाच लिहाव्यात. ‘स्वभाव शांत’ ही नोंद पन्नास मुलांना सारखीच लागू पडते.

मधल्या सुट्टीतील भांडण मिटवताना दोघांकडून ‘सॉरी’ वदवून घेण्याची घाई करू नये. एकाने काय घडले ते सांगावे, दुसऱ्याने उत्तर देण्यापूर्वी तेच आपल्या शब्दांत पुन्हा म्हणावे, मग पाळी बदलावी. यात राग, लाज, हेवा, हिरमोड हे शब्द मुलांना आपोआप हाताशी लागतात, कारण ‘मला राग आला’ म्हणणारे मूल बऱ्याचदा मुळात हिरमुसलेले असते. भर वर्गात उभे करून पाणउतारा करणे तर टाळावेच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही मनाई आहे. शिक्षकानेच ठेवलेली टोपणनावे याच सदरात मोडतात, असे माझे मत आहे.

शालेय मंत्रिमंडळात बहुधा दरवर्षी तीच बोलकी मुले निवडून येतात. त्यासोबत दर आठवड्याला फिरणारी कामे ठेवावीत: फळ्यावर दिनांक व सुविचार लिहिणे, पोषण आहाराच्या ताटांची मोजदाद, परसबागेला पाणी. बुजऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी परिपाठात माइकसमोर उभे करू नये. त्याला आधी पडद्यामागचे काम द्यावे, नंतर जोडीने वाचायला लावावे, आणि एकटे बोलण्याची वेळ त्यालाच ठरवू द्यावी.

कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा आईवडील ऊसतोडीला गेल्यावर काही मुले आठवडेच्या आठवडे दिसत नाहीत. असे मूल परतले की ‘इतके दिवस कुठे होतास?’ हा प्रश्न सर्वांदेखत विचारू नये. त्याची जागा, त्याचे कामांच्या यादीतील नाव आणि त्याला राहिलेले धडे दाखवणारा एक सोबती आधीपासून तयार ठेवावा. कारण विचारायचेच असेल तर ते शाळा सुटल्यावर, एकट्याला, हळू आवाजात विचारावे. मुलाला सवड मिळायला हवी आणि पालकांशी बोलणे शिक्षकाने स्वतः करावे.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की हजेरीपट न उघडता वर्गातील सर्व मुलांची नावे आठवून लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्या आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट नोंदवावी. मग ती यादी पटाशी ताडून पाहावी. काही नावे आठवणारच नाहीत, काहींपुढची जागा कोरी राहील. ती नावे वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून टेबलाच्या खणात ठेवावीत, आणि सोमवारी परिपाठापूर्वी पहिले बोलणे त्याच मुलांशी करावे.