मिनिएचरवर ग्रीन स्टफने फर कशी करायची

कन्व्हर्जनचे, म्हणजे मिनिएचरचे (खेळातल्या किंवा संग्रहातल्या छोट्या पुतळ्यांचे) भाग बदलून त्यांना वेगळं रूप देण्याचे, बहुतेक लेख कुठलं डोकं कुठल्या धडावर बसतं यातच संपतात आणि पुट्टीचा भाग आला की "आता फर काढा" एवढं म्हणून मोकळे होतात. खरी अडचण तिथेच असते. म्हणून इथे बाकी सगळं भरभर सांगतो आणि फरवर थांबतो.

समजा 28 मिमीचा प्लॅस्टिकचा योद्धा आहे, त्याचं डोकं बदलायचंय आणि खांद्यावर लांडग्याचं कातडं टाकायचंय.

डोकं कापायला क्लिपर नको, बारीक दातांची करवत घ्या, क्लिपर प्लॅस्टिक दाबतो आणि गळपट्टीचा डिटेल चेपून जातो. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायचं तर प्लॅस्टिक सिमेंट, कारण ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. रेझिन किंवा धातू असेल तर सुपरग्लू, आणि वजन पेलणारा जोड असेल तर 1 मिमीचं भोक पाडून आत पितळी तार. रेझिन घासताना सँडपेपर ओला आणि तोंडावर मास्क, इथे तडजोड नाही.

आता पुट्टी. ग्रीन स्टफ म्हणजे निळा आणि पिवळा असे दोन भाग एकत्र मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी. ती पट्टीच्या रूपात घेतली असेल तर निळा आणि पिवळा भाग जिथे एकमेकांना टेकलेले असतात ती मधली रेघ आधी कापून टाका. ती आधीच कडक व्हायला लागलेली असते आणि मळल्यावर तिचे टणक कण नेमके तुम्ही बारीक काम करता तिथेच वर येतात. दोन्ही रंग निम्मे-निम्मे घ्या आणि एकही रेषा दिसेनाशी होईपर्यंत मळा. पिवळा जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि चिकट राहते, निळा जास्त घेतला तर लवकर घट्ट होते आणि कडा धारदार येतात. फरसाठी मी पिवळा किंचित जास्त ठेवतो. मळताना नायट्राइल ग्लोव्हज घाला, कच्च्या इपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा सुरू झाली की पुढे थोड्या संपर्कानेही त्रास होतो.

आता मला सगळ्यात जास्त छळलेला टप्पा. लोक काय करतात तर खांद्यावर पुट्टीचा एक मोठा गोळा ठेवतात, कातड्याचा आकार देतात आणि त्याच बैठकीत सुई घेऊन रेघा ओढायला लागतात, आणि तसंच करा म्हणून इतरांनाही सांगतात. हे कधीच नीट होत नाही. जाड पुट्टी आतून मऊ असते, डावीकडे दाबलं की उजवीकडे फुगते आणि आत्ताच केलेला झुपका सपाट होतो. वर मिनिएचर धरायचं कुठे हाही प्रश्न असतोच, बोट लागलं की ठसा उमटला.

आकारमान एका दिवशी आणि डिटेल दुसऱ्या दिवशी, हे पक्कं धरून चाला. पहिल्या दिवशी चाकूच्या टोकाने खांद्यावर बारीक ओरखडे मारा, पुट्टीला पकड मिळते. मग कातड्याचा नुसता गाभा बसवा, अंतिम उंचीपेक्षा साधारण 1 मिमी कमी, आणि 24 तास सुकू द्या. घाई असेल तर कोमट जागी ठेवा, पण दिव्याच्या अगदी जवळ प्लॅस्टिक नेऊ नका, पातळ भाले आणि तलवारी वाकतात.

दुसऱ्या दिवशी नवी पुट्टी मळा आणि एक अरुंद पट्टी, फार तर 3-4 मिमी रुंद, कातड्याच्या सगळ्यात खालच्या कडेला लावा. लावायची ताजी असताना, म्हणजे ती गाभ्याला चिकटेल. पण टेक्श्चर लगेच सुरू करायचं नाही. वीस-तीस मिनिटं थांबा. ताजी पुट्टी टूलला चिकटून ओढली जाते, थोडी आवळली की दाबलेली खूण जिथल्या तिथे राहते. उन्हाळ्यात हा वेळ कमी होतो आणि थंडीत वाढतो, तेव्हा घड्याळापेक्षा उरलेल्या तुकड्यावर टूल दाबून बघा. तिथून पुढे तासभर तरी आरामात काम करता येतं.

आणि फर म्हणजे समांतर रेघा नव्हेत, फर म्हणजे झुपके. सुईने ओरखडलं की पुट्टी फाटते, दोन्ही बाजूंना कुसळं उभी राहतात आणि रंग दिल्यावर ते नांगरलेलं दिसतं. टूलने दाबायचं, ओढायचं नाही. आधी सिलिकॉन टोकाच्या टूलने किंवा बोथट पात्याने उलट्या धरलेल्या पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे मोठे झुपके पाडा, वर रुंद आणि खाली टोकदार, आकाराने मुद्दाम लहान-मोठे. मग प्रत्येक झुपक्यात चाकूच्या पाठीने दोन-तीन खाचा. टोकाच्या खाली टूल घालून ते केसभर उचला, सावली तिथेच पडते. एक खालची पट्टी झाली की तिच्या वरच्या कडेवर दुसरी, छपरावर कौलं चढवतात तसं खालून वर. दिशा कातड्याच्या कण्यापासून बाहेर आणि खाली, खांद्याच्या उंचवट्यावर मात्र झुपके दुभंगून फाकलेले. खोली वाटते त्यापेक्षा जास्त ठेवा, प्राइमर (रंगाआधीचा थर) आणि रंगाचे थर खाचा भरतात आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग फिरवणं) तर उठलेल्या कडांवरच चालतो.

टूल पाण्याने ओलं ठेवा, तेवढं पुरतं. व्हॅसलीन वापरायचं तर बोटावर पुसून जवळजवळ दिसणार नाही इतकंच, कारण त्यावर पुढची पट्टी चिकटत नाही आणि ही पद्धत तर पट्टीवर पट्टीचीच आहे.

एखादा झुपका बिघडला तर त्याच्याशी झटापट नको. सुकू द्या, उद्या कापून त्या जागी नवा लावा. ओल्या पुट्टीत दुरुस्ती करायला गेलं की शेजारचे तीन जातात.

पंजे आणि नखं मात्र नुसत्या ग्रीन स्टफची करू नका. ती सुकल्यावरही थोडी लवचिक राहते, घासायला गेलं की गुळगुळीत न होता तंतू सुटतात. निम्मी मिलिपुट (सुकल्यावर कडक होणारी, घासता येणारी दुसरी इपॉक्सी पुट्टी) मिसळा, छोटा शंकू वळून सुकवा आणि मग चाकूने व सँडपेपरने धार काढा.

सगळं सुकलं की भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, हाताचं तेल आणि व्हॅसलीन राहिलं तर प्राइमर सुटतो. मग करड्या प्राइमरचा पातळ थर. हिरवं आणि प्लॅस्टिकचा रंग एक झाला की जोडांतल्या फटी लगेच दिसतात, विशेषतः मानेमागे आणि कातड्याच्या आतल्या कडेला. त्या पुट्टीच्या बारीक वळकटीने भरा, सुकल्यावर तेवढ्याच जागी परत प्राइमर मारा आणि रंगवायला घ्या.