नवं शैक्षणिक धोरण आणि गावाकडचं कॉलेज: या चुका टाळा

नवं धोरण कॉलेजात राबवताना होणाऱ्या बहुतेक चुका एकाच चुकीतून निघतात: शाळा बदलली, आता पोरंही बदलून येतील असं धरून चालणं. आपल्या राज्यात पहिलीला नवा अभ्यासक्रम लागला 2025-26 मध्ये. ती पोरं बारावी होऊन आपल्या दारात येतील 2037 ला! तोवर येणाऱ्यांची सुरुवात तरी जुन्याच पुस्तकांवर झालेली. आत्ता बीए-बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहेत ती तर 2020-21 मध्ये सातवी-आठवीत होती. शाळा बंद, घरात एकच मोबाइल, तोही बापासोबत वावरात.

म्हणून श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, तक्ता भिंतीवर लावण्याआधी एक तास कोरा कागद द्या. प्राचार्यांना अर्ज लिहायला सांगा, टक्केवारीचं एक गणित घाला. माझ्या वर्गात एकीला 2500 चे 2 टक्के काढता येईनात. मग विचारलं, “व्यापारी क्विंटलमागे दोन किलो कट्टी कापतो. पंचवीस क्विंटल कापसावर किती?” पेन न उचलता म्हणाली, “पन्नास किलो. लुटतेतच ना सर!” गणित तिला येतच होतं, ‘टक्के’ हा शब्द आडवा आला होता. उजळणी वर्ग इथून सुरू करा. पहिला महिना त्यात गेला तरी जाऊ द्या.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे पोरांनी आपल्या आवडीनं निवडायचा विषय, दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. आपण काय करतो? ज्या सरांचा वर्कलोड कमी भरतो, त्यांचा विषय पोरांच्या गळ्यात मारतो. यावर जास्त बोलत नाही, स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

ऑन जॉब ट्रेनिंगला इथं कंपन्या कुठून आणायच्या, हे रडगाणं खरं आहे बाप्पा. पण म्हणून ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणू नका. 4 श्रेयांक म्हणजे 120 तास. जिनिंग, बाजार समिती, दूध संकलन केंद्र, ग्रामपंचायतीचं दप्तर, एवढं तर प्रत्येक तालुक्यात सापडतं. जिनिंग उन्हाळ्यात थंड पडतं, तिथं पाठवायचं तर दिवाळीनंतर लगेच.

एबीसी आयडी म्हणजे पोराच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा नंबर. त्यासाठी आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रवेशाच्या दिवशीच ताडून पाहा. नाहीतर परीक्षेच्या तोंडावर सेतू केंद्रात रांग.

आणि वेळापत्रक. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), कौशल्य असं करत शेवटचा तास साडेपाचला सुटतो, एसटी पाचला जाते. हजेरीपटावर आधी मुली गळतात. कौशल्याचा तास सकाळी घ्या, प्रयोगशाळा दुपारी चारला बंद करा.