सेगा बास फिशिंग : दोरी न तोडता मोठा मासा बोटीपर्यंत कसा आणावा

सेगाच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलवरचा, ‘बास’ नावाचा मासा पकडण्याचा ‘सेगा बास फिशिंग’ हा खेळ बहुतेक जण एकदा तरी लावतात, चार-पाच लहान मासे पकडतात, पहिला मोठा मासा लागताच दोरी तोडून घेतात आणि ‘नशिबाचा खेळ आहे’ असे म्हणून मोकळे होतात. त्यात नशिबाचा वाटा फार थोडा आहे. दोरी तुटते ती प्रत्येक वेळी खेळणाऱ्याच्या हातूनच तुटते, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले, आणि ते मान्य केल्यावरच माझे मासे बोटीपर्यंत येऊ लागले.

हा खेळ मुळात आर्केडचा, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्राचा आहे. सेगाने तो १९९७ मध्ये ‘गेट बास’ या नावाने आणला आणि १९९९ मध्ये तो ड्रीमकास्टवर आला. पुढे २००८ मध्ये निन्टेंडोच्या वी कन्सोलवर आणि २०११ मध्ये संगणकावरही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. आर्केडचा जन्म असल्यामुळे त्याचा स्वभाव घड्याळाचा आहे: ठरलेल्या वेळात ठरलेल्या वजनाचे मासे पकडायचे, नाहीतर डाव संपला. शांत तळ्याकाठी तासन्‌तास बसण्याची अपेक्षा ठेवून येणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे. खाली जे सांगितले आहे ते ड्रीमकास्टच्या साध्या पॅडला धरून आहे. रील, म्हणजे दोरी गुंडाळणारी फिरकी, असलेल्या कंट्रोलरबद्दल शेवटी लिहिले आहे.

१. जागा निवडणे

नकाशावरून जागा निवडावी आणि पुढे जावे. अमुक जागीच मोठा मासा मिळतो अशा याद्या फिरत असतात. सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नये. पाण्यात आडवी पडलेली झाडे, खडक, धक्क्याचे खांब असे काही दिसेल तिथे बास असतो, कारण हा मासा आडोशाला दबा धरून बसणारा आहे. खऱ्या तळ्यातही तो असाच वागतो आणि खेळ करणाऱ्यांनी ते बरोबर टिपले आहे.

२. लुअर निवडणे

लुअर म्हणजे खोटे आमिष. पृष्ठभागावर चालणारे, मध्यम खोलीवरचे आणि तळाशी जाणारे, एवढे तीन भाग डोक्यात ठेवले तरी पुरे. रंगावरून होणारे वाद मी कधीच मनावर घेतले नाहीत. नवख्याने क्रँकबेट घ्यावे: रील फिरवली की ते खाली जाते, थांबवली की वर तरंगते, त्यामुळे आपण काय करतो आहोत ते डोळ्यांना लगेच दिसते.

३. गळ टाकणे

नेम धरून टाकावा. आडोशाच्या थोडा पलीकडे टाकून त्याच्या कडेने ओढत आणणे, हे थेट डोक्यावर टाकण्यापेक्षा चांगले.

४. माशाला मागे लावणे

लुअर पाण्यात पडले की दृश्य पाण्याखाली जाते आणि हीच या खेळाची खरी गंमत आहे: मासा येताना दिसतो, मागे लागताना दिसतो, आणि कंटाळून वळतानाही दिसतो. सर्वांत वाईट सल्ला जो मला मिळाला तो असा, की रील एकसारखी फिरवत राहा. एकसारखे चालणारे आमिष माशाला ओळखीचे वाटत नाही. जखमी मासोळी सरळ रेषेत पोहत नसते. रील फिरवणारा पॅडवरचा उजवा ट्रिगर अर्धा दाबून लुअर दोन-तीन हात ओढावे, थांबावे, रॉडला (गळाच्या काठीला) हलकासा झटका द्यावा, पुन्हा ओढावे.

मासा मागे लागल्यावर खेळणारा हमखास घाबरतो आणि वेग वाढवतो. तिथे उलट करावे. मासा लुअरच्या शेपटीशी आला की ट्रिगर पूर्ण सोडावा आणि मनात ‘एक’ म्हणेपर्यंत काहीही करू नये. माझ्या अनुभवात सर्वाधिक मासे या थांबण्याच्या क्षणीच तोंड उघडतात. वळून जाऊ लागला तर एक छोटा झटका द्यावा. तरीही गेला तर जाऊ द्यावा आणि पुन्हा गळ टाकावा, कारण घड्याळ चालूच असते.

५. गळ रुतवणे

माशाने लुअर तोंडात घेतले की रॉड वर खेचावा. मासा जवळ आला एवढ्यावरूनच खेचले तर लुअर त्याच्या तोंडासमोरून निघून जाते. आधुनिक सपाट टीव्हीवर चित्र थोडे उशिरा उमटत असेल तर हा क्षण सतत हुकतो आणि दोष स्वतःच्या हाताला दिला जातो. टीव्हीतला गेम मोड चालू करावा. ड्रीमकास्टला व्हीजीएची, म्हणजे संगणकाच्या पडद्याला जोडण्याची सोय आहे, ती वापरता आली तर चित्रही स्वच्छ येते.

६. झुंज

आता मुख्य गोष्ट. इथपर्यंतचे सगळे कुणालाही एका संध्याकाळी जमते. यापुढचे मला आठवडे लागले.

मासा लागला की पडद्यावर दोरीचा ताण दाखवणारी पट्टी येते. ताण वाढत जातो तशी ती लालकडे सरकते आणि लाल टोकाला पोहोचून तिथेच राहिली की दोरी तुटते. ताण अगदी उतरला आणि दोरी ढिली पडली, तर मासा गळ झटकून टाकतो. म्हणजे दोन्ही बाजूंना खड्डा आहे आणि वाट मधून जाते. वाचताना हे सोपे वाटते. अडचण अशी, की सुरुवातीला माझी नजर त्या पट्टीवर खिळलेली असायची. पट्टी लाल होताना दिसली की मी ट्रिगर सोडत असे, ती उतरली की पुन्हा पूर्ण दाबत असे, आणि हा झोपाळा दोन-चार हेलकाव्यांत तुटत असे. पट्टी जे घडून गेले ते सांगते. पुढे काय घडणार ते मासा सांगतो.

म्हणून पहिला नियम: नजर माशावर ठेवावी, पट्टी डोळ्यांच्या कडेने पाहावी. मासा पळण्याआधी वळतो. त्याचे डोके बाजूला फिरले आणि शेपटीने जोर घेतला, की पुढच्याच क्षणी ताण उसळणार हे ठरलेले असते. ट्रिगर त्या वळणालाच ढिला करावा. पट्टी लाल होण्याची वाट पाहिली तर आपण अर्धा क्षण मागे पडतो, आणि मोठ्या माशाला तेवढा अवधी पुरतो.

दुसरा नियम रॉडचा. मासा डावीकडे धावत असेल तर रॉड उजवीकडे न्यावा, उजवीकडे धावत असेल तर डावीकडे. नुसत्या रीलने माशाला ओढणे म्हणजे पळत्या बैलाला शेपटीला धरून थांबवण्यासारखे आहे. रॉडच्या आडव्या ओढीने त्याचे डोके फिरते, आणि डोके फिरले की तो आपल्याच दिशेने पोहू लागतो. तो आपल्याकडे येऊ लागला की मग रील भरभर फिरवून मोकळी झालेली दोरी गुंडाळून घ्यावी. क्रम हाच: आधी रॉड, मग रील. मी कित्येक दिवस उलटा क्रम वापरत होतो, आणि लहान मासे त्या चुकीलाही हाती लागत असल्यामुळे चूक कळतच नव्हती. लहान माशावर कोणतीही पद्धत चालते, म्हणून लहान माशावरून पद्धत बरोबर आहे असा निष्कर्ष काढू नये.

तिसरी गोष्ट ट्रिगरची. ड्रीमकास्टचा ट्रिगर चालू-बंद असा नाही. जितका खोल दाबावा तितकी रील वेगाने फिरते. तरीही बहुतेक जण तो पूर्ण तरी दाबतात किंवा पूर्ण सोडून तरी देतात. बोटाचे टोक ट्रिगरवर ठेवून तो अर्ध्यावर धरण्याचा सराव वेगळा करावा लागतो. मी तो असा केला: आर्केड प्रकारात जाऊन, वजनाचे लक्ष्य विसरून, लागेल तो मासा जाणूनबुजून शक्य तितक्या सावकाश आणायचा. ताण मध्यावर आला की बोट तिथेच स्थिर ठेवायचे, वाढला तर थोडे उचलायचे, पूर्ण सोडायचे मात्र नाही. डाव हरत होतो, पण त्या हरलेल्या डावांत बोट तयार झाले.

‘लाल झाले की सगळे सोडून द्या’ हा सल्ला जागोजागी आढळतो. तो अर्धाच खरा आहे. रील सोडावी, रॉडची ओढ सोडू नये. दोन्ही एकदम सोडले की दोरी लोंबकळते आणि मासा सुटतो. मग तोच सल्ला देणारे म्हणतात की मासा ‘नीट लागला नव्हता’. तो नीटच लागला होता.

मासा पाण्याबाहेर उडी मारतो तेव्हा काय करावे यावर मतभेद आहेत. मी रील थांबवतो, रॉड किंचित खाली आणतो आणि तो पाण्यात परत पडेपर्यंत काहीही करत नाही. उडीच्या वेळी ओढून धरून मी जितके मासे घालवले, तितके दुसऱ्या कोणत्याही चुकीने घालवलेले नाहीत. उडी दिसायला देखणी असते, त्या भरात हात आपोआप आवळतो, तेवढे सांभाळावे.

आणि एक इशारा, जो मला कुणीही दिला नव्हता. बोट जवळ आली की झुंज संपली असे समजू नये. एकदा माझ्या डावात शेवटचे काही सेकंद उरले होते, वजन पुरे व्हायला एकच मोठा मासा हवा होता आणि तो गळाला लागलेला होता. बोट दिसू लागताच मी ट्रिगर पूर्ण दाबला. मासा एकदाच वळला आणि दोरी तुटली. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा केले, तिसऱ्या दिवशीही. घाई घड्याळाची होती, माशाची नव्हती. जवळ आलेल्या माशाला उलट अधिक ढील द्यावी, कारण दोरी आखूड झाल्यावर त्याचा छोटासा धक्काही मोठा वाटतो. वेळ संपत असेल तरीही शेवटचा टप्पा अर्ध्या ट्रिगरनेच पार करावा. तुटलेल्या दोरीने वेळ वाचत नाही.

पॅडमध्ये व्हायब्रेशन पॅक (पॅडला कंपन देणारा जोडभाग) असेल तर तो काढून ठेवू नये. माशाची ओढ तळहाताला कळते, आणि जी गोष्ट हाताला कळते तिच्यासाठी डोळे अडकून पडत नाहीत.

७. वजन

मासा वर आला की निवेदक त्याचा आकार जाहीर करतो. लहान निघाला तर त्याचा सूर असा पडतो की खेळणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे होते. वजन पौंडांत मोजले जाते. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, आणि एका पौंडात १६ औंस. खेळातल्या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो: लार्जमाउथ बास या बासच्या जातीचा जागतिक विक्रम १९३२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या माशाचा आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी २२ पौंड ५ औंसांचा मासा पकडला, पण विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी मानली गेली. बास हा जपानचा मूळचा मासा नव्हे. तो तिथे १९२५ मध्ये आशी सरोवरात आणून सोडण्यात आला, आणि आता कायद्याने तो उपद्रवी परकी जात ठरलेला आहे. खेळात मात्र त्याला फक्त मान आहे.

८. रीलचा कंट्रोलर

सेगाने या खेळासाठी रॉडच्या मुठीसारखा वेगळा कंट्रोलर काढला. त्याला हाताने फिरवायची रील आहे, तो हलवला की त्याला हालचाल कळते, आणि कंपनाची सोय आतच आहे. तो ‘सोल कॅलिबर’ या तलवारींच्या लढतीच्या खेळातही चालतो आणि तलवारीसारखा फिरवता येतो, पण ती करमणूक वेगळी. जुना विकत घेताना रीलचा दांडा प्रत्यक्ष फिरवून पाहावा. मी न पाहता घेतलेल्या कंट्रोलरचा दांडा दर फेरीत एका ठिकाणी अडत होता, त्यामुळे ताण स्थिर ठेवणे अशक्यच झाले, आणि विकणाऱ्याने ‘जुन्या वस्तूत एवढे चालायचेच’ म्हणून हात वर केले.

झुंजीचे सगळे नियम इथेही तेच आहेत. फक्त एक नवी चूक वाढते: जोरात रील फिरवताना रॉड धरलेला हातही हलू लागतो, कंट्रोलर ती हालचाल रॉडची समजतो, आणि आपण न दिलेला झटका माशाला बसतो. यावर उपाय साधा आहे. रॉडच्या हाताचे कोपर बरगडीला टेकवून ठेवावे, मनगट सैल सोडावे आणि रील खांद्याने न फिरवता बोटांनी फिरवावी.