आपल्याच होस्टेलवर थिसीस : सर्जरी रेसिडेंट्सच्या ट्रेनिंगवर आणि बर्नआउटवर अभ्यास कसा करायचा

दरवर्षी एमएस सर्जरीच्या नव्या बॅचमधून एकदोघांचा मेसेज येतोच, की सर हर्निया नको, डायबेटिक फूट नको, रेसिडेंट्सवरच (म्हणजे वॉर्डात राबत सर्जरी शिकणाऱ्या पदव्युत्तर, पीजी डॉक्टरांवरच) थिसीस करायचाय, जमेल का. जमतं की. पेशंट फॉलोअपला येत नाही ही कटकट नाही, सॅम्पल शेजारच्या खोलीत झोपलेलं असतं, झोपायला मिळालं असेल तर. पण गोम पण तिथेच आहे. तुम्ही ज्यांना प्रश्न विचारणार ते तुमच्याच युनिटचे, आणि ज्यांच्याबद्दल विचारणार ते तुमच्या आणि त्यांच्या लॉगबुकवर सह्या करणारे. त्यामुळे स्टॅटिस्टिक्स नंतर बघू, आधी खरं उत्तर द्यायला कोणी घाबरणार नाही एवढी सोय लावायची.

माझीच फजिती सांगतो. मी रेसिडेंट असताना वर्क लोड आणि वागणुकीवर एक छोटा पायलट केला होता, फॉर्मची लिंक बॉसनी डिपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं "सर्व जेआरनी पाच वाजेपर्यंत भरणे" (जेआर म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट). तासाभरात सगळे फॉर्म आले, मी खूश. उघडून बघतो तर शिवीगाळ, अपमान, उपाशी ठेवणं, सगळ्या प्रश्नांना शंभर टक्के "कधीच नाही". रात्री मेसमध्ये एक ज्युनिअर म्हणाला, "सर, बॉसनी टाकलेल्या लिंकवर खरं कोण लिहिणार?" सगळा डेटा कचऱ्यात.

आता विषय. बर्नआउट म्हणजे कामाने माणूस पार पिळून निघणं, पण "बर्नआउटवर काहीतरी" हा विषय होत नाही. एकतर हाताचं कौशल्य मोजा किंवा माणसाची अवस्था मोजा, दोन्ही एकाच थिसीसमध्ये कोंबू नका, सिनॉप्सिसला (थिसीसच्या सुरुवातीच्या आराखड्याला) भारी दिसतं आणि तिसऱ्या वर्षाला रडायला येतं.

कौशल्याचा रस्ता त्यातल्या त्यात सोपा, कारण त्यात कुणाची गुपितं नाहीत. टोरांटोमध्ये नव्वदच्या दशकात ओसॅट्स नावाची पद्धत तयार झाली, तिची ग्लोबल रेटिंग स्केल म्हणजे सात मुद्दे, टिश्यू कसा हाताळतो, हालचाली फुकट जातात का, इन्स्ट्रुमेंट हातात नीट बसतं का, असिस्टंटचा वापर करतो का वगैरे, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, एकूण ७ ते ३५. यासाठी महागडी स्किल लॅब लागत नाही. मटणाच्या दुकानातून बोकडाचं आतडं आणा, स्वच्छ धुवा, साधारण वीतभर तुकडे करा, एक्स्पायर झालेले सुचर (टाक्यांचे धागे) ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरकडे मागा (गोड बोलून, त्यांच्याकडे पिशवी भरून असतात) आणि प्रत्येकाला एक एंड टू एंड अ‍ॅनास्टोमोसिस (आतड्याची दोन टोकं टाक्यांनी जोडणं) करायला लावा. मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्यायचा पण फक्त हातांचा, चेहरा नाही, आवाज बंद, अंगठी घड्याळ काढून, सगळ्यांना एकाच रंगाचे ग्लोव्हज. मग व्हिडिओंचा क्रम उलटसुलट करून दोन कन्सल्टंटना द्यायचे, शक्यतो दुसऱ्या कॉलेजचे, आणि त्यांना एकमेकांचे मार्क दाखवायचे नाहीत. आपल्याच बॉसना लाइव्ह मार्क द्यायला सांगितलं तर लाडक्याला ३० आणि नावडत्याला १८ पडतात, हे काय मी वेगळं सांगायला नको. दोघांचे मार्क कितपत जुळतात ते आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन) काढून दाखवा, परीक्षक हे हमखास विचारतो.

लॅपरोस्कोपीवर करायचं असेल तर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये वेबकॅम बसवून बॉक्स ट्रेनर होतो. पेग ट्रान्सफरचा (चिमट्याने वस्तू एका खुंटीवरून दुसरीवर ठेवण्याचा) वेळ सुरुवातीला मोजा, सहा आठवडे सराव द्या, परत मोजा. येलला १६ रेसिडेंट्सवर असाच एक अभ्यास झाला, २००२ साली छापून आला, निम्म्यांना व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीवर सराव दिला आणि मग खऱ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात बघितलं तर सराव केलेल्यांनी डिसेक्शन २९ टक्के कमी वेळात केलं. फक्त १६ जण! म्हणजे डिझाइन नीट असेल तर छोटं सॅम्पल चालतं, हे गाईडला सांगायला उपयोगी पडेल.

दुसरा रस्ता, वेलबीइंगचा. इथे पहिला खड्डा प्रश्नावलीचा. सगळे मॅस्लॅक (बर्नआउट मोजायची प्रश्नावली) म्हणतात, २२ प्रश्नांची आहे, पण ती विकत घ्यावी लागते. कोपनहेगनची १९ प्रश्नांची आणि ओल्डनबर्गची १६ प्रश्नांची फुकट मिळतात. कुठलीही घ्या, पण कट-ऑफ (किती मार्कांपुढे बर्नआउट म्हणायचं तो आकडा) आधी सिनॉप्सिसमध्ये लिहून टाका, डेटा बघून ठरवू नका. २०१८ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या १८२ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात प्रमाण ० पासून ८०.५ टक्क्यांपर्यंत आणि बर्नआउटच्या व्याख्या कमीत कमी १४२! म्हणून "आमच्याकडे ६० टक्के बर्नआउट" या वाक्याला कुठल्या स्केलवर, कुठल्या कट-ऑफला हे सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

दुसरा खड्डा तासांचा. "आठवड्याला किती तास काम करता?" असं विचारलं की एकजण १६८ लिहितो आणि खाली हसरा इमोजी. त्यापेक्षा गेल्या सात दिवसांचा तक्ता द्या, वॉर्डला किती वाजता गेलात, किती वाजता बाहेर पडलात, सलग झोप किती, त्यात इमर्जन्सी डे कोणता. तुलना कशाशी करायची? अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. आपल्याकडे एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) २०२३ च्या नियमांत "वाजवी" तास आणि आठवड्याला एक सुट्टी एवढंच आहे, आकडा नाही, तीही सुट्टी कामाची निकड सांभाळून. एनएमसीच्याच टास्क फोर्सने २०२४ मध्ये ७४ तासांची शिफारस केली. पण तास कमी केले की सगळं सुधारतं असं गृहीत धरू नका, फर्स्ट (FIRST) नावाच्या ट्रायलमध्ये अमेरिकेतल्या ११७ सर्जरी प्रोग्राम्सची कडक आणि लवचिक तास अशी विभागणी केली होती, पेशंटच्या निकालात फरक नव्हता आणि ट्रेनिंगबद्दलची नाराजीही दोन्हीकडे जवळपास सारखी. मग त्रास नेमका कशाचा? २०१९ च्या न्यू इंग्लंड जर्नलमधल्या सर्व्हेत ७४०९ सर्जरी रेसिडेंट्स होते, आठवड्यातून एकदा तरी बर्नआउटची लक्षणं ३८.५ टक्क्यांना, मुलींमध्ये प्रमाण जास्त. पण वाईट वागणुकीचा हिशोब धरला की मुलामुलींमधला तो फरक राहिलाच नाही. मला तरी यातून हे दिसतं की नुसते तास मोजून थांबायचं नाही, वागणुकीचे प्रश्न हवेतच, आणि म्हणूनच नाव लपवणं एवढं महत्त्वाचं.

नाव लपवणं म्हणजे नाव न विचारणं नव्हे. समजा डिपार्टमेंटमध्ये २४ जेआर, चार युनिट. फॉर्मवर वर्ष, लिंग आणि युनिट विचारलं की "जेआर-३, स्त्री, युनिट दोन" म्हणजे एकच मुलगी, तिचं नाव प्यूनलाही माहिती. म्हणून युनिट विचारूच नका, वर्ष विचारायचं तर "पहिलं" आणि "त्यापुढचं" एवढेच दोन पर्याय. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणं बंद ठेवा, "एकदाच उत्तर" हे सेटिंगपण बंद, कारण त्याला लॉगिन लागतं आणि लॉगिन दिसलं की लोक पळतात. मला विचाराल तर कागदी फॉर्म आणि लायब्ररीत कुलूपबंद पेटी सगळ्यात बेस्ट, किल्ली पीएसएमच्या (कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या) कुणाकडे तरी, तुमच्याकडे नाही. कॉलेज एकच असेल तर अजून दोन कॉलेजं जोडून घ्या.

वेळही बघा. न्यू इंग्लंड जर्नलमधला तो अमेरिकन सर्व्हे वार्षिक परीक्षेला जोडून घेतला होता म्हणून जवळपास सगळ्यांनी भरला, पण एकदोघांच्या भांडणानंतरच्या आठवड्यात किंवा युनिव्हर्सिटी परीक्षेच्या तोंडावर तुम्ही पेटी ठेवलीत तर आकडे त्या आठवड्याचे येणार.

सॅम्पल साइज म्हटलं की सगळे ४पीक्यू भागिले एलचा वर्ग (पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक) लिहून मोकळे होतात, पी ५० आणि एल १० धरला की १०० येतात, मग रडारड की आमच्याकडे मुळात ४५च आहेत. अहो, लोकसंख्या छोटी असली की दुरुस्ती करायची, १०० भागिले (१ अधिक १००/४५), म्हणजे साधारण ३१. तरी ४५च्या ४५ जणांना विचारा, निवडत बसू नका.

एथिक्स कमिटीचं. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाईडलाइन्समध्ये हाताखालच्या लोकांना, विद्यार्थ्यांना सांभाळून घ्यायला सांगितलंय, आणि तुमचं सगळं सॅम्पल त्यातच बसतं. तेव्हा संमती तुम्ही किंवा गाईडनी घ्यायची नाही, कोण सहभागी झालं कोण नाही हे गाईडला कळता कामा नये. सहीचा कागद म्हणजेच नावांची यादी, त्यामुळे सहीशिवाय संमतीची परवानगी आधीच मागा.

पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी) वापरणार असाल तर नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. त्यावर कुणी खूण केली आणि फॉर्म निनावी असेल तर तो कोण हे तुम्हाला कधीच कळणार नाही. एनएमसीच्या टास्क फोर्सच्या सर्व्हेत ३१.२ टक्के पीजींनी असे विचार येऊन गेल्याचं सांगितलं होतं, म्हणजे तुमच्या पेटीतही खुणा निघणार असं धरूनच चाला. फॉर्मच्या शेवटी एक फाडून नेता येईल अशी चिठ्ठी छापा, त्यावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि सायकियाट्रीतल्या अशा एका माणसाचा नंबर ज्याचा सर्जरीशी संबंध नाही आणि ज्याने रात्री फोन उचलायचं आधी कबूल केलंय. हे ठरलं नसेल तर तो प्रश्नच नको.

आणि शेवटची एक गोष्ट, जी ऐनवेळी सगळे विसरतात. थिसीसच्या मागे मास्टर चार्ट (प्रत्येक सहभागीची माहिती एकेका ओळीत असलेला तक्ता) जोडावा लागतो, आणि तो ग्रंथ पुढे वर्षानुवर्षं डिपार्टमेंटच्या लायब्ररीत पडून असतो, बॉसच्या खुर्चीमागच्या कपाटात. बाइंडिंगला द्यायच्या आदल्या रात्री एक्सेल उघडा, वय, लिंग, वर्ष असे सगळे कॉलम एका ओळीत वाचा आणि एखादी ओळ वाचून तुम्हाला चेहरा आठवला तर त्यातला एक कॉलम उडवा.