दोन गटांचा सर्व्हे: फॉर्म बनवण्याआधीची कामं

ब्लॅक बुकचा, म्हणजे शेवटी बांधून द्यायच्या प्रोजेक्ट-अहवालाचा, विषय गाईडने मंजूर केला की त्याच रात्री गूगल फॉर्म तयार होतो आणि सकाळी क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडतो. 'प्लीज भरा, दोनच मिनिटं लागतील.' मुंबईत मानसशास्त्रात एमए करताना आजूबाजूला हेच पाहिलं, आता ज्युनिअर्सचे सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचे आराखडे, वाचतानाही हेच दिसतं. गटांची तुलना करायची असेल तर फॉर्म सगळ्यात शेवटी. आधी कोण कोणत्या गटात, हे ठरवा. अर्धा अभ्यास तिथेच होतो.

माझा विषय होता लोकलने लांबून येणारे विद्यार्थी आणि कॉलेजजवळ राहणारे विद्यार्थी यांच्यातला ताण. पण लांब म्हणजे किती? किलोमीटर मोजून उपयोग नाही. विरारहून थेट चर्चगेटला उतरणारा आणि त्याच्या निम्म्या अंतरावरून दोनदा गाडी बदलून येणारा, यांत जास्त कोण दमतो ते नकाशावरून सांगता येत नाही. म्हणून मिनिटं धरायची ठरवली. चाचणी फेरीत सरळ विचारलं, 'कॉलेजला यायला किती वेळ लागतो?' बदलापूरच्या एका मुलीने लिहिलं, सव्वा तास. तिच्याशी कँटीनमध्ये बोलताना कळलं की तो वेळ फक्त गाडीतला. घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, दादरला पूल चढून वेस्टर्नच्या फलाटावर जाणं, उतरल्यावर बसची रांग, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. 'ते तर रोजचंच आहे ना,' ती म्हणाली. शेजारच्या मुलाने मात्र दारातून निघाल्यापासूनचा सगळा वेळ लिहिला होता. अंतिम फॉर्ममध्ये मग दोन प्रश्न झाले: घरातून कितीला निघता? वर्गात कितीला पोहोचता? वजाबाकी मी केली.

वेळ विचारताना 'एक तासापेक्षा कमी / जास्त' असे पर्याय देऊ नका, आकडाच लिहून घ्या. मिनिटांचे गट नंतर पाडता येतात, गटांची मिनिटं करता येत नाहीत. फक्त कुठल्या मिनिटाला रेघ मारायची ते डेटा येण्याआधी सिनॉप्सिसमध्ये लिहून टाका. नाहीतर निकाल छान दिसेल तिथे रेघ सरकवायचा मोह होतोच. 'मराठी माध्यम विरुद्ध इंग्रजी माध्यम' हा तर हमखास आवडता विषय. त्यात सेमी-इंग्रजीवाले कुठे बसवणार? दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीपासून इंग्रजी, असे तर निम्मे निघतील.

यानंतर बघायचं की दोन गटांत तुमच्या मुद्द्याशिवाय आणखी काय वेगळं आहे. लांबून येणाऱ्यांपैकी बरेच जण संध्याकाळी नोकरी किंवा शिकवण्या करतात का? जवळ राहणाऱ्यांत घर सोडून हॉस्टेलला आलेले किती? आर्ट्सचा वर्ग दुपारचा आणि कॉमर्सचा सकाळी सातचा असेल, तर तुम्ही प्रवासाची तुलना करताय की झोपेची? एकाच शिफ्टचे, एकाच वर्षाचे विद्यार्थी घेतले तर निम्मा गुंता सुटतो. उरलेल्या गोष्टी फॉर्ममध्ये विचारून ठेवा. वेळेचंही तेच. एक गट जुलैत, गाड्या पावसाने रखडत असताना, आणि दुसरा जानेवारीत घेतला तर तुलना ऋतूंची होईल. दोन्ही गट एकाच पंधरवड्यात उरका. इंटर्नल आणि गणपती टाळून.

किती जण हवेत? 'शंभर पुरे' हे उत्तर कॉलेजात पिढ्यानपिढ्या चालत आलंय. ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाचं जी-पॉवर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात पाच मिनिटांत हिशेब होतो. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा, म्हणजे मध्यम, फरक असेल आणि तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर ०.०५ पातळीवर (म्हणजे फरक नसताना तो आहे असं चुकून म्हणण्याची शक्यता ५ टक्के धरून) प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक लहान, ०.२ प्रमाण विचलनाएवढाच, असेल तर प्रत्येक गटात ३९४. एमएच्या एका सेमिस्टरमध्ये दुसरा आकडा जमत नाही, म्हणून एवढा बारीक फरक शोधायचं आश्वासनही देऊ नका. गट असमान झाले तर नुकसान आणखी. एका गटात १८० आणि दुसऱ्यात २० असे २०० फॉर्म जमवले तरी त्यांची ताकद, म्हणजे फरक सापडण्याची शक्यता, ३६-३६ च्या दोन गटांएवढीच. रेल्वेचे तीन मार्ग, मुलगे-मुली आणि तीन वर्षं असं सगळं एकदम तोलायला गेलात तर १८ खाने होतात. प्रत्येकात ६४ भरायला ११५२ माणसं आणा! दोन गट, फार तर तीन. तीन गटांतही जोड्या तीन होतात, आणि प्रत्येक जोडी वेगळी तपासायची तर ०.०५ ची पातळी तिघींत वाटावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या फॉर्मची माझ्या लेखी अडचण एकच: तो किती जणांनी पाहिला आणि भरला नाही, हे कधीच कळत नाही. वर्गात कागद वाटून शेवटच्या दहा मिनिटांत भरून घेतला तर निदान हजर किती आणि नकार किती, हे लिहिता येतं. त्यासाठी प्राचार्यांचं पत्र आधी, त्या त्या शिक्षकांची परवानगी नंतर. पण पहिल्या लेक्चरला जाऊ नका. कसारा-कर्जतवाले बऱ्याचदा तेव्हा पोहोचलेलेच नसतात, म्हणजे तुमचा नेमका गटच गळतो. मधलं लेक्चर घ्या आणि त्या दिवशीचे गैरहजर मोजून ठेवा.

ताणासाठी स्वतः प्रश्न रचू नका. पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल या ताण मोजायच्या तयार प्रश्नावलीची १० प्रश्नांची आवृत्ती आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ४, एकूण ० ते ४०. त्यातले ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात, म्हणजे ० ला ४, १ ला ३ असे. ज्युनिअर्सच्या एक्सेलमध्ये मी सगळ्यात आधी तेच तपासते. मराठीत वापरायचं तर एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही शेजारी ठेवून वाचावं.

त्याच इमारतीत ज्युनिअर कॉलेज असतं, मुलंही हौसेने फॉर्म भरतात. पण १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागते, तेव्हा विषय पदवीचा असेल तर वयाची अट घाला. नाव आणि मोबाईल नंबर मागू नका. प्रवासाचा ताण मोजायला ते कशाला हवेत?

विश्लेषणाची भीती उगाच आहे. दोन गटांच्या सरासरीसाठी वेल्चची टी-चाचणी, 'हो-नाही' अशा उत्तरांसाठी काय-वर्ग (chi-square) चाचणी. जास्त जपायचं ते वाक्यांना. 'प्रवासामुळे ताण वाढतो' असं एका सर्व्हेवरून लिहिता येत नाही. 'जास्त प्रवास करणाऱ्यांत ताण जास्त आढळला' इथेच थांबायचं.

आणि फरक आलाच नाही तर? घाबरून नवे गट पाडायला बसू नका. समजा सरासरीतला फरक ०.४ गुण निघाला आणि ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असं डेटा सुचवतो तो, उणे १.७ ते २.५ आहे. 'फरक नाही' असं न लिहिता, लांबून येणाऱ्यांचा ताण ४० पैकी अडीच गुणांपेक्षा जास्त असावा असं या डेटावरून दिसत नाही, असं लिहा, आणि व्हायवाला जाताना तो अंतराल तोंडपाठ ठेवा. एक्सटर्नल बहुतेक तिथेच बोट ठेवतात.